आधी दोष सापडू दे

वडखळला तीन रस्ते मिळतात. एक पेण-पनवेलकडून येतो, एक पोयनाडवरून अलिबागला जातो आणि एक नागोठणे, कोलाड, माणगाव करत खाली कोकणात उतरतो. इतकी वाहतूक जिथे एकत्र येते तिथे गाडीचं कुठलंही काम करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. पंक्चरवाला, टायरवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, एसीवाला, वायरमन, सगळे. माणसांची कमी नाही आणि हातात कसबही आहे. तरीसुद्धा अधूनमधून होणारा बिघाड, जो गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की गायब होतो, तो सापडायला आमच्याकडे वर्ष जातं.

मी वडखळला राहते आणि रोह्याला शाळेत शिकवते. नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोजचं जाणं-येणं. गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. एका जूनमध्ये तिने संध्याकाळी परतताना झटके मारायला सुरुवात केली. चेक इंजिनचा दिवा लागायचा, कधी वडखळच्या गर्दीत ती चक्क बंद पडायची. दोन-चार मिनिटं थांबून सेल्फ मारला की पुन्हा चालू. दिवाळीनंतर त्रास कमी झाला, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वाढला. मधल्या काळात महामार्गावरच्या एका गॅरेजात प्लग बदलले, कॉइल बदलल्या, थ्रॉटल बॉडी साफ झाली, पेट्रोल पंप नवा आला, ऑक्सिजन सेन्सर नवा आला. शेवटी दोष निघाला तो बॅटरीकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या वायरीत. त्या वर्षात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. आमच्या भागात मॅजिक, इको, विक्रम चालवून घर चालवणारे शेकड्याने आहेत आणि त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, हे मी रोज पाहते.

१. गॅरेजला त्रास सांगावा, पार्टचं नाव सांगू नये.

गाडी टाकताना बहुतेक लोक म्हणतात, "प्लग गेलेत वाटतं, बघा जरा." काउंटरवरचा मुलगा जॉब कार्डावर लिहितो: प्लग चेंज. तिथून पुढे तेच काम. मेस्त्रीच्या हातात कार्ड जातं, तो प्लग बदलतो, गाडी बाहेर. त्याने काही चुकीचं केलं असं म्हणता येत नाही, लिहिलेलं काम त्याने पूर्ण केलं. मूळ त्रासाबद्दल कार्डावर अक्षरही नसतं.

म्हणून कार्डावर त्रास लिहून घ्यावा, आणि तो सविस्तर लिहून घ्यावा. माझ्या गाडीचा शेवटी असा लिहिला गेला: "संध्याकाळी, तासभर चालून गाडी गरम असताना, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर झटके. दिवा लागतो. कधी बंद. थोड्या वेळाने चालू. सकाळी चढाला काहीच त्रास नाही." एवढ्या चार ओळी वाचल्या की जाणता मेस्त्री निम्म्या शक्यता मनातल्या मनात बाजूला काढतो.

आणखी एक. काउंटरवर सांगून निघून येऊ नये. ज्याच्या हातात पाना असणार आहे त्याला गाठून सांगावं. बाईमाणूस गाडी घेऊन गेली की "साहेबांना फोन लावता का?" असं विचारणारे अजून भेटतात. गाडी मी चालवते, झटका माझ्या पायाला कळतो, तेव्हा बोलायचं माझ्याशीच, हे शांतपणे आणि ठामपणे सांगावं. ऐकतात.

२. एक वही गाडीत ठेवावी.

माझ्याबरोबर शाळेतल्या एक मैत्रीण येतात. चालवता चालवता मला लिहिता येत नाही, म्हणून वही त्यांच्याकडे. गाडीने झटका मारला की त्या लिहायच्या: वेळ, ठिकाण, गाडी गॅसवर होती की पेट्रोलवर, एसी चालू होता का, दिवे, वायपर, पाऊस, आणि गाडी धावत होती की सरकत होती. सुरुवातीला आम्हाला वाटायचं की हा वडखळच्या नाक्याचाच काहीतरी संबंध आहे, कारण बहुतेक नोंदी तिथल्याच. खड्ड्यांत काहीतरी हललं असेल, अशी समजूत. ह्या रस्त्यावर ती समजूत होणं साहजिक आहे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि इथली एक पिढी त्या कामाच्या धुळीत आणि चिखलात गाड्या चालवत मोठी झाली.

पण नोंदी वाढल्या तसं दुसरंच दिसू लागलं. एकदा पोयनाडच्या बाजूला लग्नाला गेलो असताना, गुळगुळीत रस्त्यावर, फाटकाशी थांबलेल्या रांगेत तोच झटका. एकदा रोह्यात, शाळेच्या दारातच, पाऊस कोसळत असताना. ह्या सगळ्या नोंदींत ठिकाण वेगळं, वेळ वेगळी, पण एसी, दिवे, वायपर आणि काच पुसायचा ब्लोअर यांतल्या दोन-तीन गोष्टी तरी चालू. शिवाय गाडी सरकत असताना समोरून वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरचा पंखा सुरू होतो, तोही विजेवरच. सकाळी खिंड चढताना यातलं बहुतेक काही चालू नसायचं. म्हणजे दोष रस्त्यापेक्षा विजेच्या ओझ्याशी बांधलेला होता. हे वही नसती तर कोणालाही दिसलं नसतं, कारण आठवणीत फक्त नाका आणि पाठीमागचे हॉर्न राहतात.

३. जे शाबूत आहे ते आधी सिद्ध करावं.

गॅरेजने पेट्रोल पंप बदलायचं ठरवलं तेव्हा मी विचारलं होतं, पंपाचं प्रेशर मोजलं का? मालक म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतोय, पंपच आहे." अनुभव होता, त्याबद्दल शंका नाही. पण गेज लावून प्रेशर बघणं हे थोड्या वेळाचं काम आहे आणि पंप बदलणं हे हजारोंचं.

ज्यांच्याकडे पेट्रोल आणि सीएनजी अशी दुहेरी गाडी आहे त्यांच्या हातात तर फुकटची चाचणी आहे. त्रास होत असताना बटण दाबून इंधन बदलावं. फक्त पेट्रोलवर झटके येत असतील तर पंप, पेट्रोल फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर यांच्याकडे बघावं. फक्त गॅसवर येत असतील तर रिड्यूसर, गॅस फिल्टर, गॅसचे इंजेक्टर. दोन्हींवर सारखेच येत असतील तर दोन्ही इंधनांना जे सामाईक आहे तिकडे: प्लग, कॉइल, सेन्सर, हवा, वायरिंग. आमच्या वहीत गॅसवरच्या नोंदी पेट्रोलवरच्या नोंदींइतक्याच होत्या. तेवढ्यावर पंप सुटायला हवा होता.

भिसे खिंडही साक्षीला होती. पंप अशक्त असेल तर तो सगळ्यात आधी चढाला हात टेकतो, कारण तिथेच इंजिन जास्त पेट्रोल मागतं. कॉइल अशक्त असेल तर तिचीही परीक्षा चढालाच होते. आमची गाडी तिथे चार माणसं घेऊन बिनतक्रार चढायची.

कॉइलच्या बाबतीत एक सोपी रीत आहे, ती प्रत्येक गाडीवाल्याने मागून घ्यावी. स्कॅनरने पहिल्या सिलिंडरचं मिसिंग दाखवलं, म्हणजे पी०३०१ हा कोड आला, तर त्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला लावायची आणि तिसऱ्याची पहिल्याला. मग ट्रायल मारायची. कोड आता पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. कोड पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. या चाचणीला एकही नवा पार्ट लागत नाही.

४. स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, स्कॅनर तिथे जोडतात. अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून ही ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली, आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या चारचाकींना एप्रिल २०१३ पासून. पद्धत मुळात प्रदूषणावर नजर ठेवायला आली. इंजिनातून बाहेर पडणारा धूर बिघडेल असं काही घडलं की ते नोंदवायचं आणि दिवा लावायचा, हे तिचं काम. कुठला पार्ट बदला हे ती सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. सेन्सरकडून येणारं माप अपेक्षेबाहेर आहे, इतकंच. सेन्सर गेला असेल, त्याची वायर तुटली असेल, कपलरमध्ये पाणी गेलं असेल, सायलेन्सरच्या जोडात हवा शिरत असेल, किंवा सेन्सर अगदी खरं सांगत असेल आणि बिघाड इंजिनात असेल.

यात एक नाजूक गोष्ट आहे. कोड पडतो त्या क्षणी कॉम्प्युटर आजूबाजूची परिस्थितीही साठवतो: इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा भार. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आमच्या वहीतली नोंद आणि ही नोंद एकच काम करतात, फक्त ही जास्त अचूक. पण कोड उडवला की हीदेखील पुसली जाते, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढून ठेवली तरी पुसली जाते. "कोड उडवून देतो, बघा परत येतो का" हे वाक्य गॅरेजात रोज ऐकू येतं. आधी फोटो काढू द्या म्हणावं. स्कॅनरच्या पडद्याचा, कोडचा आणि त्याखालच्या सगळ्या आकड्यांचा.

दिव्याबद्दल एवढंच: पिवळा दिवा शांत पेटून राहिला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तोच उघडझाप करू लागला तर मिसिंग जोरात आहे, न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो, तेव्हा रेस सोडून बाजूला घ्यावी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करावं आणि टोचन मागवावं.

५. शोधायची मजुरी वेगळी ठरवावी, आणि ती आनंदाने द्यावी.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

छोट्या गॅरेजचं पोट भरतं ते दोन गोष्टींवर: पार्टावर सुटणारे पैसे आणि पार्ट बसवायची मजुरी. मीटर हातात घेऊन एक माणूस दोन तास बॉनेटखाली वाकून राहिला आणि शेवटी एक वायर घट्ट केली, तर त्याने बिल कशाचं करायचं? गिऱ्हाईक म्हणणार, "एक नट तर आवळलास." म्हणून तो दोन तास वाकतच नाही. अंदाज करतो आणि पार्ट बदलतो. अंदाज बरोबर आला तर दोघंही खूश, चुकला तर पुढचा पार्ट. ह्यात लबाडी असेलच असं नाही. आपण गिऱ्हाइकांनी डोकं चालवण्याचे पैसे कधी दिले नाहीत, म्हणून बाजारात डोकं विकायला ठेवलेलं दिसत नाही.

पेणच्या बाजूला एक वायरमन आहे असं शाळेतल्या शिपायांनी सांगितलं. तरुण मुलगा, आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. त्याच्याकडे गेले तेव्हा वही आणि फोटो समोर ठेवले आणि म्हटलं, "दोष सापडेपर्यंत कुठलाही पार्ट बदलायचा नाही. शोधायला जितका वेळ जाईल त्याची मजुरी देईन. नाही सापडला तरी देईन."

तो थोडा वेळ वही चाळत राहिला. मग म्हणाला, "असं कोणी बोलत नाही मॅडम. मग दुपारनंतर दुसरी गाडी घेत नाय मी."

६. वेगवेगळे कोड येत असतील तर त्यांच्यात सामाईक काय ते शोधावं.

आमच्या फोटोंत कधी मिसिंगचा कोड होता, कधी ऑक्सिजन सेन्सरचा, कधी थ्रॉटलचा, आणि एकदा पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. आधीच्या गॅरेजने प्रत्येक कोड सुटा धरला आणि त्या त्या पार्टवर काम केलं. वायरमनने चारही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एवढे पार्ट एकदम जात नाहीत, त्याचं म्हणणं. ह्या सगळ्यांना करंट जिथून येतो किंवा जिथे परत जातो तिथे बघू.

मग त्याने जे केलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून नीट लिहिते.

गाडी चालू केली, गरम होऊ दिली. एसी, मोठे दिवे, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू केलं. पंखा सुरू होईपर्यंत थांबला. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर ठेवला: १४.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग नीट करतोय. मग स्कॅनरमध्ये कॉम्प्युटरला स्वतःला किती व्होल्टेज मिळतंय ते पाहिलं: १२.९. मधले १.२ व्होल्ट कुठेतरी खर्च होत होते.

पॉझिटिव्हच्या बाजूने मोजलं, तिथे जवळजवळ शून्य. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर. तिथेही नगण्य. मग दुसरी पिन त्याने आतल्या बाजूला, रंग नसलेल्या एका बोल्टवर, बॉडीला टेकवली. मीटरवर १.२ आलं. इंजिन हललं की आकडा उडायचा, १.५ च्याही वर जायचा. "हे बघा," तो म्हणाला, "इथे पॉइंट एक, फार तर पॉइंट दोन पाहिजे."

बॅटरीचा ट्रे काढला. त्याखाली बॉडीला जाणारी काळी वायर एका थिंबलने बोल्टाला बांधलेली होती. वरून पाहता धडधाकट. त्याने थिंबलजवळचं रबर ब्लेडने चिरलं तेव्हा आत तांब्याच्या तारा नव्हत्याच म्हणायच्या. हिरवी-पांढरी भुकटी झाली होती आणि चार-पाच बारीक तारा तेवढ्या टिकून होत्या. बोटाने ओढली तशी वायर थिंबलमधून सुटून त्याच्या हातात आली.

मी विचारलं, आधीच्या गॅरेजातही अर्थिंग तपासलं होतं, मीटर वाजला होता, मग तेव्हा कसं नाही सापडलं? त्याने तेही दाखवलं. गाडी बंद करून, त्या उरलेल्या तारा बोल्टाला टेकवून मीटर बझरवर ठेवला. मीटर टूं करून वाजला. एक तार जरी शाबूत असली तरी बझर वाजतो, कारण मीटर तपासताना अगदी किंचित करंट सोडतो आणि तेवढा एका तारेतून सहज जातो. पंखा, दिवे आणि एसीचा क्लच मिळून जेव्हा तीस-चाळीस अँपिअर मागतात तेव्हा त्या चार तारा पुऱ्या पडत नाहीत. म्हणून अर्थ तपासायचा तो गाडी चालू ठेवून, सगळा लोड टाकून आणि व्होल्टवर.

इतक्यावरून झटके का, हेही तिथेच उलगडलं. ऑक्सिजन सेन्सर जे सांगतो ते साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या आत सांगतो. ज्या पायावर हे मोजायचं तो पायाच एका व्होल्टने वरखाली होऊ लागला तर कॉम्प्युटरला पातळ मिश्रण जाड वाटतं, जाड ते पातळ, आणि तो इंधन भलतंच कमी-जास्त करत सुटतो. कॉइलला ताकद कमी मिळते ती वेगळीच. वेगात हे खपून जातं. सरकत्या गर्दीत, स्लोवर, इंजिनकडे सांभाळून घ्यायला काही शिल्लक नसतं.

नवी जाड वायर, नवं थिंबल पक्कं दाबून, बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून. नट आवळला आणि मग वरून ग्रीस. ग्रीस धातू आणि धातूच्या मध्ये भरायचं नसतं, जोड आवळल्यावर वरून लावायचं, असं त्याने हेल्परलाही बजावलं. पुन्हा सगळं चालू करून मोजलं: ०.०५.

सामानाचे काही शे रुपये झाले. मजुरी त्याहून जास्त झाली, आणि तीच खऱ्या कामाची किंमत होती. त्याने सांगितली त्याहून थोडी वर दिली.

७. काढलेला पार्ट आणि पक्कं बिल, दोन्ही मागावं.

बिलावर तीन गोष्टी असाव्यात: त्रास काय होता, काय सापडलं, काय बदललं. काढलेला पार्ट पिशवीत घालून मागून घ्यावा. तो भंगारात गेला की पुढच्या मेस्त्रीला दाखवायला काही उरत नाही. आमच्या जुन्या कॉइल मी जपून ठेवल्या होत्या. वायरमनने त्या एकेक करून लावून पाहिल्या, सगळ्या चालल्या. आता त्या डिकीत सुट्या पडल्या आहेत, कधीतरी उपयोगी पडतील.

"बिल कशाला, जीएसटी लागेल" हे ऐकून गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. कामाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात पंचायतीची माणसं पावती मागा म्हणून सांगत आली आहेत. मला आयोगापर्यंत जायची इच्छा नव्हती. पण आधीच्या गॅरेजच्या मालकांकडे बिलं आणि जुन्या कॉइल घेऊन गेले, काय सापडलं ते सांगितलं. त्यांनी पंपाच्या मजुरीतले काही पैसे परत केले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातातलं काम ठेवून लोड टाकून अर्थ कसा मोजायचा ते नीट विचारून घेतलं. बिलं नसती तर बोलणं इथपर्यंत आलं नसतं.

८. आपली हवा लक्षात ठेवावी.

पेण ते अलिबागच्या मधला पट्टा म्हणजे खारेपाट. धरमतरची खाडी, मिठागरं, खारबंदिस्तीच्या आत शिरणारं भरतीचं पाणी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे महिने दमट खारा वारा, आणि वर महामार्गाची व कारखान्यांकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची धूळ. मिठाचा अंश असलेली ओल तांबं आणि लोखंड यांच्या जोडावर बसली की तो जोड झपाट्याने गंजतो, कारण दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी आलं की तिथे आपोआप एक छोटीशी बॅटरी तयार होते आणि ती धातू खात बसते. जी वायर सोलापूर-धाराशिवच्या कोरड्या हवेत पंधरा वर्षं टिकेल ती आमच्याकडे निम्म्या काळात सडू शकते. कंपनीच्या सर्व्हिसच्या यादीत ऑइल, फिल्टर, कूलंट असतं. अर्थचे जोड त्या यादीत मला कुठे दिसले नाहीत.

म्हणून खाडीकाठच्या गाडीवाल्यांनी अर्थचे जोड तपासण्याबरोबर आणखी काही सवयी स्वतःला लावून घ्याव्यात. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी. इंजिनवर मात्र प्रेशरचा फवारा मारू देऊ नये, तो कपलरमध्ये पाणी घालतो. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच काढून बघावा. आणि रात्री उभ्या गाडीत उंदीर शिरत असतील, भातकापणीनंतर हे हमखास होतं, तर वायरिंगवर एकदा नजर टाकावी.

९. दुरुस्ती झाली की ज्या परिस्थितीत त्रास व्हायचा त्याच परिस्थितीत ट्रायल घ्यावी.

गॅरेजच्या समोर एक चक्कर मारून "झाली बघा" म्हणण्याला अर्थ नाही. वायरमनला मी शनिवारी संध्याकाळी बोलावलं. त्या वेळी मुंबईकडून अलिबागला जाणाऱ्यांची रांग वडखळच्या फाट्यावर हमखास लागलेली असते. तो शेजारी बसला, स्कॅनर मांडीवर. एसी, दिवे, वायपर, सगळं चालू. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत राहिलो. कॉम्प्युटरचं व्होल्टेज १४ च्या खाली गेलं नाही. परत येताना त्याने नाक्यावरून घरी न्यायला पोह्याचे पापड आणि मिरगुंड घेतले, त्याचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

बिलाच्या पाठीमागे त्याने दोन आकडे लिहून दिले, आधीचा १.२ आणि नंतरचा ०.०५, आणि खाली लिहिलं की पाऊस उघडला की परत मोजायला या. ऑक्टोबरात गेले तेव्हा ०.०६ होतं. थिंबल उघडायची गरज पडली नाही, वरून ग्रीसचा हात दिला. त्या दिवशी शेडमध्ये रोहा लाइनच्या दोन मॅजिक उभ्या होत्या, दोन्हींची तक्रार संध्याकाळच्या झटक्यांची. एकीची अर्थची वायर अर्धी सडलेली निघाली. दुसरीचा अर्थ ठणठणीत होता, तिच्या मागे तो अजून मीटर घेऊन बसला होता.